चेहरा कोणाचा, चांदी कोणाची

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला मातीचा एक उंचवटा होता. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. कोण हा बुरुड राजा, हे कुणालाच सांगता येत नसे. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उंचवटा खणला आणि राजाचा वाडा निघण्याऐवजी आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात मोठी गोल दगडी पेटी होती. पेटीच्या मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती ब्राँझच्या आठ मूर्ती, सात बुद्धांच्या आणि आठवी मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा इवलेसे तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ते जपले गेले असावेत. सोबत सोन्याची नाजूक फुले होती. आणि या साऱ्या पवित्र ठेव्यात एक व्यवहारातली वस्तूही होती: चांदीचे नाणे, न झिजलेले.

अंगठ्याच्या नखाएवढ्या त्या चकतीवर राजाचे मस्तक आहे. भोवती ब्राह्मी लिपीत राजाचे नाव, ‘रञो गोतमिपुतस सिरि यञ सातकणिस’, म्हणजे गौतमीपुत्र श्रीयज्ञ सातकर्णी राजाचे. हा सातवाहन राजा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. उलट बाजूला कमानींचा डोंगर, म्हणजे ज्याला नाण्यांचे अभ्यासक चैत्य म्हणतात ती खूण, आणि शेजारी चार गोळ्यांचे उज्जैन चिन्ह. त्यांच्याभोवती तेच नाव पुन्हा लिहिलेले आहे, पण भाषा बदललेली. इथे ‘सिरि’चे ‘हिरु’ झाले आहे आणि ‘सातकणि’चे ‘हातकणि’. या बाजूच्या भाषेत अभ्यासकांना द्राविडी वळण दिसते. एकाच नाण्यावर दोन भाषांचे गिऱ्हाईक सांभाळण्याची ही रीत अठराशे वर्षांपूर्वीची.

नाणे ओळखले गेले. राजा कळला, घराणे कळले, काळ कळला. तरी दोन प्रश्न उरतातच. भारतात त्याआधी शतकानुशतके चालत आलेल्या आहत, म्हणजे छोटे ठसे मारलेल्या नाण्यांवर सूर्य, डोंगर, झाड, हत्ती असत. राजाचा चेहरा कधीच नसे. सातवाहनांची बहुतेक नाणी तर शिशाची, तांब्याची आणि पोटीन नावाच्या मिश्रधातूची. मग राजाचे तोंड नाण्यावर आले कुठून? आणि चांदी आली कुठून? या दोन्ही प्रश्नांचा माग काढत गेले की पाऊल थेट समुद्रात पडते, आणि समुद्रापलीकडे रोम लागते.

बंदर आणि वहीखाते

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही लिहिली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात भरुकच्छ म्हणजे भडोच आहे, त्याच्या दक्षिणेला ‘सुप्पारा’ म्हणजे सोपारे आहे आणि मग ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण. लेखक तक्रारही करतो: पूर्वी कल्याणचा बाजार परदेशी जहाजांना खुला होता, आता तिथे एखादे ग्रीक जहाज चुकून शिरले तर पहारा बसवून त्याला भडोचला नेतात. कोकणच्या बंदरांवरून क्षत्रप म्हणवणारे शक राजे आणि सातवाहन यांची ओढाताण चालली होती, तिची ही परदेशी डोळ्यांनी पाहिलेली नोंद. भडोचच्या राजाचे नाव तो ‘मांबानोस’ देतो. बहुतेक अभ्यासक त्याला क्षहरात क्षत्रप नहपान मानतात.

त्याच वहीत भडोचला काय खपते याची यादी आहे. दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच. आणि त्या यादीतच सोन्याचांदीचे दिनार: ते स्थानिक नाण्यांत बदलले की नफा होतो, असा शेरा. म्हणजे रोमन नाणे इथे माल म्हणून उतरत होते. पुढची नोंद तर आणखी नवलाची. भडोचच्या बाजारात अजून अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांची जुनी ग्रीक अक्षरांची नाणी चालतात, असे तो लिहितो. मिनँडर म्हणजे आपल्या ‘मिलिंदपञ्ह’मधला मिलिंद राजा. तो होऊन तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे झाली होती. एवढा काळ ती नाणी हातोहात फिरत राहिली आणि या किनाऱ्याच्या डोळ्यांना सवय झाली: चांदीचे नाणे म्हणजे एका बाजूला राजाचे मस्तक आणि भोवती न वाचता येणारी ग्रीक अक्षरे.

दिनार कसा ओळखावा

समजा, मातीतून निघालेली एक काळपट चांदीची चकती समोर आहे. ती रोमन आहे का, आणि असली तर कोणाची? नाणेशास्त्राचा अभ्यासक एका खुणेवर विसंबत नाही. वजन, आकार, चेहरा, अक्षरे आणि पाठ या पाच साक्षीदारांना तो वेगवेगळे विचारतो आणि त्यांच्या जबान्या जुळतात का ते पाहतो.

पहिला साक्षीदार वजन. सम्राट ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंड चांदीतून ८४ दिनार पाडत. रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा, म्हणून एक दिनार सुमारे ३.९ ग्रॅम. वापरून झिजलेला ३.६ किंवा ३.७ भरतो. नहपानाचे किंवा सातवाहनांचे चांदीचे नाणे दोन-सव्वादोन ग्रॅमचे. त्यामुळे काट्यावर ठेवताक्षणी दोन देश वेगळे पडतात. इसवी सन ६४ च्या सुमारास नीरोने पौंडातून ९६ दिनार पाडायला सुरुवात केली. वजन ३.४ ग्रॅमवर उतरले आणि चांदीचा कसही घटला. पुढच्या सम्राटांनी आणखी तांबे मिसळले. दीड शतकानंतर सेप्टिमियस सेवेरसच्या दिनारात चांदी जेमतेम निम्मी उरली होती.

दुसरा साक्षीदार आकार. दिनार ठोकून घडवलेला असतो. तापवलेली चांदीची गोळी खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण मारायचा. त्या घावाने धातू कडेकडे पसरतो, म्हणून कड कधी पूर्ण गोल नसते आणि तिला बारीक चिरा पडतात. चित्र बरेचदा मध्यावरून सरकलेले असते, एखादे अक्षर चकतीबाहेरच गेलेले असते. नवख्याला हा दोष वाटतो. जाणकाराला तीच अस्सलपणाची पहिली खूण. उलट कडेभोवती साच्याचा जोड दिसला, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर नाणे ओतीव आहे आणि संशयाला जागा आहे.

तिसरा साक्षीदार चेहरा. रोमन सम्राटाच्या डोक्यावर बहुधा लॉरेलच्या पानांचा मुकुट असतो, मानेमागे त्याच्या फितीची गाठ. ऑगस्टस सत्तरी ओलांडेपर्यंत नाण्यांवर तरुणच राहिला. टायबेरियसचे नाक लांब, ओठ मिटलेले. नीरोचा चेहरा वर्षागणिक जाड होत गेला आणि नाण्यांवरही त्याची हनुवटी वाढत गेली.

चौथा साक्षीदार अक्षरे, आणि इथे खरी गंमत सुरू होते. रोमन कोरक्याला जागा थोडी, पदव्या फार. म्हणून तो शब्दांत मोकळी जागा सोडत नाही आणि शब्द मध्येच तोडतो. ‘उ’ या स्वराला तो ‘व्ही’सारखे टोकदार अक्षर वापरतो. ऑगस्टसच्या एका दिनारावरची अक्षरे सोडवली की वाचन असे होते: ‘सीझर ऑगस्टस, देवाचा पुत्र, राष्ट्रपिता’. देव म्हणजे मृत्यूनंतर देवपद दिलेला ज्युलियस सीझर. ‘पुत्र’ हा शब्द नाण्यावर फक्त ‘फ’ एवढ्या एका अक्षरात उरतो. ‘राष्ट्रपिता’ ही पदवी ऑगस्टसला इसवी सनपूर्व २ मध्ये मिळाली, म्हणून ती दिसली की नाणे त्याआधीचे नाही हे पक्के. पुढच्या सम्राटांच्या नाण्यांवर तर ट्रिब्यून या अधिकाराचे कितवे वर्ष चालू आहे, त्याचा आकडाच येतो. तो अधिकार दर वर्षी नव्याने मोजला जाई. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणे नेमके कोणत्या वर्षी पाडले, हे घरी बसून सांगता येते.

पाचवा साक्षीदार पाठ. ऑगस्टसच्या त्याच दिनाराच्या मागे ढाली-भाले घेऊन उभे असलेले दोन तरुण दिसतात. हे गायस आणि लुशियस, त्याचे नातू. त्याने त्यांना दत्तक घेऊन वारस नेमले होते. फ्रान्समधल्या आजच्या लिओँ शहराच्या टांकसाळीत हे नाणे प्रचंड संख्येने पाडले गेले. दोन्ही वारस ऐन तारुण्यात वारले, लुशियस इसवी सन २ मध्ये आणि गायस ४ मध्ये. घराण्याची ती आशा संपली, पण तिची जाहिरात करणारी नाणी गलबतांतून भारताच्या दिशेने निघून आली होती. आज भारतात सापडणाऱ्या रोमन दिनारांत या दोन भावांची नाणी आणि पुढच्या टायबेरियसची नाणी यांचाच मोठा भरणा आहे.

टायबेरियसच्या दिनारामागे सिंहासनावर बसलेली एक स्त्री आहे, हातात राजदंड आणि डहाळी. तिला त्याची आई लिविया मानण्याचा प्रघात आहे. भोवती ‘मुख्य पुरोहित’ ही त्याची पदवी. त्याच्या राजवटीत, इसवी सन १४ ते ३७, हे चित्र जवळजवळ बदललेच नाही. वसईच्या ख्रिस्ती वाचकांना हे नाणे न पाहताही ओळखीचे वाटेल. कर द्यावा की नाही, असे येशूला पेचात पकडायला लोक येतात, तेव्हा तो दिनार मागवतो आणि त्यावरची मुद्रा व नाव कोणाचे ते विचारतो. परंपरेने ते नाणे टायबेरियसचे हेच मानले जाते. नाणे ओळखण्याचे सारे शास्त्र त्या एका प्रश्नात आहे, आणि त्याच छापाची भावंडे नाणी कोइंबतूरच्या शेतांत निघाली आहेत.

पाचही साक्षीदार जुळले तरी फसवणूक उरते, आणि ती आजची नाही. रोमन काळातच तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून खोटे दिनार बनवत. कड झिजली की आतले तांबे डोकावते. कड न झिजलेली असेल तर पाण्याची युक्ती उपयोगी पडते. नाणे आधी हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोला. हवेतल्या वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागा. ३.८० ग्रॅमचे नाणे पाण्यात ०.३७ ग्रॅमने हलके झाले, तर उत्तर येते १०.२७. शुद्ध चांदीचे घनत्व १०.४९, म्हणजे हे चांदीच्या जवळ. उत्तर ९ च्या आसपास आले तर आत तांबे लपलेले आहे. नाण्यावर ओरखडाही न उठवता हे कळते.

अस्सल आणि खोटे यांखेरीज तिसराही एक प्रकार आहे आणि तो मला सर्वांत लोभस वाटतो. वजन बरोबर, चांदी चांगली, चेहरा जवळजवळ ऑगस्टसचा, पण अक्षरे वाचायला गेले तर काहीच लागत नाही. नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आणि वर्तुळे. ही भारतात घडवलेली नक्कल. लॅटिन न येणाऱ्या कारागिराने अक्षरांची केवळ चित्रे काढली. बाजाराला तेवढे पुरत होते. गिऱ्हाईक अक्षरे वाचत नव्हते, कस पाहत होते.

मुशीत गेलेले सम्राट

आता सोपाऱ्याच्या नाण्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येऊ: चांदी आली कुठून? रोमन लेखक थोरला प्लिनी कुरकुरतो की भारत दर वर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. चार सेस्टर्सचा एक दिनार, म्हणजे सव्वा कोटी दिनार. ही सगळी रक्कम चांदीत मोजली असती तर साधारण ४८ टन चांदी झाली असती, दर वर्षी. प्लिनीचा आकडा फुगवलेला असेल, बरेचसे देणे सोन्यात आणि मालात चुकते होत असेल, तरीही ओघ मोठा होता. त्या चांदीसाठी स्पेनमधल्या रिओ तिंतोसारख्या खाणी उपसल्या जात होत्या. चांदी शिशापासून वेगळी करताना उठलेला धूर वाऱ्याने उत्तरेकडे गेला आणि ग्रीनलंडच्या बर्फात शिशाच्या थरांच्या रूपाने साठला. शास्त्रज्ञांनी तो बर्फ वर्षावार वाचला आहे. रोमच्या भरभराटीत शिसे वाढते. इसवी सन १६५ च्या सुमारास मोठी साथ आली, तेव्हा ते घसरते.

मग ही चांदी महाराष्ट्रात सापडायला हवी. रोमशी आलेल्या संबंधाच्या खुणा इथे ठिकठिकाणी आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४४-४५ च्या उत्खननानंतर समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची देखणी मूर्ती प्रसिद्धीस आली. तेर आणि नेवाशाला दारूच्या रोमन कुंभांचे तुकडे मिळाले. पण चांदीच्या दिनारांचे मोठे साठे निघाले ते दक्षिणेत. आंध्र-तेलंगणाच्या बाजूला अक्कनपल्ले येथे दीड हजारांवर दिनार एका ठिकाणी होते. आपला किनारा, जिथे माल उतरत होता, तो मात्र दिनारांच्या बाबतीत जवळजवळ रिकामा.

या कोड्यावर अभ्यासकांनी सुचवलेले उत्तर साधे आहे. दक्षिणेत रोमन नाणे आहे तसे साठवले जाई. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या मुलखात राजाचे स्वतःचे चांदीचे नाणे चालत होते, म्हणून परके नाणे सराफाकडून टांकसाळीत जाई आणि तिथल्या मुशीत वितळे. टायबेरियस आत जायचा, नहपान बाहेर यायचा.

यात नफा कसा होता, याचा एक दुवा नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्याच्या भिंतीवर कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात तिथे आपल्या दानांची यादी देतो. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या. शोर्पारग म्हणजे आपले सोपारे. दमण, डहाणूका अशा नद्यांवर त्याने फुकट तरी सुरू केल्या. डहाणूची ती बहुधा सर्वांत जुनी लेखी नोंद असावी. शिवाय त्याने सत्तर हजार कार्षापण दिले आणि हिशेब स्वच्छ मांडला: पस्तीस कार्षापणांचे एक सुवर्ण, म्हणजे दोन हजार सुवर्ण. हे सुवर्ण रोमन सोन्याच्या नाण्याच्या तोलाचे, सुमारे ७.८ ग्रॅमचे, आणि कार्षापण नहपानाच्या चांदीच्या नाण्याएवढा धरला, तर इकडे एक भार सोन्याला नऊ-दहा भार चांदी पडते. रोममध्ये एका सुवर्णनाण्याला पंचवीस दिनार, म्हणजे एक भार सोन्याला साडेबारा भार चांदी. हे गृहीत खरे असेल तर रोममध्ये स्वस्त असलेली चांदी इथे आणली की तिची किंमत वाढत होती. पेरिप्लसच्या लेखकाने नफ्याचा शेरा का मारला, ते या भिंतीवरून उलगडते.

एका चेहऱ्यावर दुसरा ठसा

१९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला, सव्वातेरा हजारांच्या घरात. सगळी नहपानाची. नाण्याच्या एका बाजूला राजाचे मस्तक, भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. तिन्ही लिप्यांत मजकूर एकच, आणि ग्रीक अक्षरांत लिहिलेले शब्दही ग्रीक नाहीत, आपल्याच प्राकृतातले आहेत: राजा क्षहरात नहपान याचे. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा ठेवा तपासला. मस्तकांची घडण रोमन नाण्यांवरून उचललेली असावी, असे त्यांना वाटले. त्यांना आणखी एक गोष्ट खटकली. एकाच नहपानाच्या नावाखाली कुठे तरुण चेहरा होता, कुठे म्हातारा, कुठे नाक सरळ तर कुठे बाकदार. रोमन नाण्यावर चेहऱ्याने माणूस ओळखू येतो. इथे चेहरा ही केवळ राजेपणाची खूण होऊन बसली होती, नाव सांगायचे काम अक्षरांनी करायचे.

त्या ठेव्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर एक नवलाची गोष्ट घडलेली आहे. नहपानाच्या मस्तकावरच चैत्याचा ठसा मारला आहे आणि त्याच्या बाण-वज्रावर उज्जैन चिन्ह. भोवती नवे नाव, गौतमीपुत्र श्री सातकर्णी. नहपानाचा पराभव झाला तेव्हा विजेत्याने नाणी वितळवण्याचा खटाटोप केला नाही. पराभूताच्या तोंडावर आपले चिन्ह ठोकले आणि नाणी पुन्हा बाजारात सोडली. ठसा घाईने मारला असेल तर खालून नहपानाचे नाक, एखादे ग्रीक अक्षर, बाणाचे टोक अजून डोकावते. नाणे तिरके धरून उजेड एका बाजूने पाडला की दोन्ही राजवटी एकाच वेळी दिसतात. सातवाहन-क्षत्रप युद्धाचा निकाल कोणत्याही बखरीविना कळतो, तो असा.

हीच परंपरा पुढे सोपाऱ्याच्या नाण्यापर्यंत येते. यज्ञ सातकर्णीने शत्रूच्या नाण्याचा घाट, वजन आणि राजमस्तकाची कल्पना घेतली, ग्रीक अक्षरे टाकली आणि पाठीवर आपल्या घराण्याची चिन्हे ठेवली. क्षत्रपांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे राहिली खरी, पण पिढ्या उलटत गेल्या तशी त्यांतली भाषा विरली आणि डोक्याभोवतीची नक्षी तेवढी उरली.

त्याच क्षत्रपांनी मात्र एक नवी गोष्ट केली आणि ती आपल्याला थेट भिडते. दुसऱ्या शतकाच्या शेवटापासून राजाच्या मस्तकामागे ते वर्षाचा आकडा घालू लागले, ब्राह्मी अंकांत, शक संवताचा. तोच शक आजही आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर आणि लग्नपत्रिकांवर छापला जातो. शिवाय नाण्यावर राजाच्या नावाबरोबर बापाचेही नाव येते. वर्ष आणि बाप दोन्ही मिळाल्यावर एका घराण्याची दोनशे वर्षांची वंशावळ चिमूटभर चांदीच्या आधारे उभी राहिली. ती मांडण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत भगवानलाल इंद्रजी अग्रभागी. जुनागढच्या या माणसाने क्षत्रपांची नाणी जमवली, वाचली. १८८८ मध्ये ते गेल्यावर त्यांचा क्षत्रपांवरचा निबंध ई. जे. रॅप्सन यांनी संपादित करून १८९० मध्ये प्रसिद्ध केला. सोपाऱ्याचा करंडक अशा माणसाच्या हातून उघडला गेला, हे आपले भाग्य.

नाणे काय सांगू शकत नाही

नाण्याची साक्ष मोलाची असली तरी तिला मर्यादा आहे, आणि सोपाऱ्याचाच ठेवा ती शिकवतो. नाणे दुसऱ्या शतकातले म्हणून सगळा ठेवा दुसऱ्या शतकातला, असे म्हणायचा मोह होतो. पण करंडकाभोवतीच्या आठ मूर्तींची घडण आठव्या-नवव्या शतकातली आहे. म्हणजे जुना ठेवा पुढे कधीतरी उघडून त्यात मूर्तींची भर घातली असावी, किंवा जुने नाणे जपून ठेवून नव्या ठेव्यात घातले असावे. नाणे एवढेच ठामपणे सांगते की पेटी त्या राजाच्या आधी बंद झालेली नाही. नंतर किती काळाने झाली, ते शेजारच्या वस्तूंना विचारावे लागते.

चांदीचा उगम शोधायचा तर आता प्रयोगशाळेत जावे लागते. क्ष-किरणांच्या तपासणीत नाण्याला धक्का न लावता त्यातले तांबे, सोने, शिसे यांचे प्रमाण कळते. शिशाचे समस्थानिक तर खाणीचा माग देतात. स्पेनच्या शिशाची घडण वेगळी, राजस्थानातल्या जावरच्या खाणीची वेगळी. मात्र मुशीत दोन्हीकडची चांदी एकत्र वितळली असेल तर उत्तरही मिसळलेले येते. त्यासाठी एखाददुसरे नाणे पुरत नाही, मोठ्या ठेव्यांतली अनेक नाणी लागतात, आणि कोणते नाणे कोठे व कशाबरोबर मिळाले याची नोंद लागते. बाजारातून हातोहात फिरलेल्या नाण्याला ही शेवटची गोष्ट कधीच परत मिळत नाही.

म्हणून नालासोपारा, गास, निर्मळ या पट्ट्यात इमारतीचा पाया किंवा विहीर खणताना एखादी काळी चकती निघाली, तर पहिल्यांदा हात आवरावा. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीही लावू नये. मातीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते आणि वरच्या काळ्या थरातच बारीक अक्षरे शाबूत असतात. जागचा फोटो घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी, किती खोलीवर आणि कोणत्या मातीत मिळाली ते कागदावर लिहावे, सोबतची खापरे, मणी, विटा टाकून देऊ नयेत. १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. वसईकरांसाठी ते कार्यालय पालघरला. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि देशाबाहेर नेता येत नाही.

आणि डोळ्यांना सराव हवा असेल तर त्यासाठी जमीन खणायची गरज नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे, सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेखही तिथेच आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधनाची स्वतंत्र संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. जाताना साधे भिंग न्यावे. नहपानाच्या नाण्यापुढे उभे राहून आधी मस्तक पाहावे, मग अक्षरे, मग वरून मारलेला चैत्य, आणि शेवटी कडेच्या चिरा. या क्रमाने पंधरा-वीस नाणी पाहिली की एकविसावे नाणे पाटी न वाचता ओळखू येऊ लागते.